आहेराच्या यादीत कॉफी

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आहेराविषयीचे प्रश्न वाढू लागतात. या खेपेस फोंड्याहून आलेल्या एका पत्राने मला बराच वेळ बसवून ठेवले, म्हणून जागेचा मोठा वाटा त्यालाच दिला आहे. त्याच विषयाला लागून आलेली आणखी तीन पत्रे त्याच्यामागे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे लग्न मार्गशीर्षात आहे. माझे शिक्षण आणि पहिली नोकरी बंगळुरात झाली व तेथे मला ताज्या दळलेल्या, बिनदुधाच्या कॉफीची सवय लागली. माझ्या होणाऱ्या पत्नीच्या घरी जायफळ घातलेली दुधाची कॉफी होते आणि तिला तीच आवडते. लग्नानंतर आम्ही माझ्या आईवडिलांबरोबर राहणार आहोत. नातेवाईक आणि मित्र ‘काय देऊ?’ असे विचारू लागले आहेत. घरी कॉफी करण्याच्या साहित्याचीच एक यादी करून विचारणाऱ्यांना द्यावी, असे आम्हां दोघांना वाटते. यादीत काय असावे, कशाला प्राधान्य द्यावे आणि ती मागणीसारखी दिसू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली कल्पना मला मनापासून पटली. माझ्या लग्नात सात लेमन सेट आणि चार भिंतीवरची घड्याळे आली होती. त्यांतली दोन घड्याळे मी पुढे इतरांच्या लग्नांत दिली आणि त्यांतले एक तीन वर्षांनी एका बारशात माझ्याकडेच परत आले. देणाऱ्याचे पैसे खर्च होतात आणि घेणाऱ्याचे कपाट भरते, एवढेच त्यातून साधते. तेव्हा यादी जरूर करा. मात्र ती दुकानातील वस्तू पाहून करू नका. आपल्या घरात आठवडाभरात कोण, केव्हा, कोणती कॉफी पितो हे आधी कागदावर लिहा आणि त्यावरून वस्तू ठरवा. आपल्या पत्रावरून मला तीन वेगळे पेले दिसतात. सकाळचा आपला बिनदुधाचा, पत्नीचा जायफळाचा दुधाळ आणि दुपारी चारच्या सुमारास आईवडिलांचा. हा तिसरा पेला यादी करताना बहुतेक तरुण विसरतात आणि मग ते सगळे साहित्य ‘मुलाचे खेळणे’ होऊन फळीवर जाते.

यादीत पहिली वस्तू दळण्याचे यंत्र असावी. हे मी थोडे आग्रहाने सांगते, कारण लोकांचा कल कॉफी गाळण्याच्या देखण्या उपकरणांकडे असतो आणि ग्राइंडर शेवटी, पैसे उरले तर, घेतला जातो. भाजलेली बी दळली की तिचा सुगंध काही मिनिटांतच उडू लागतो. म्हणून ज्या घरात बी येते आणि पेल्यापुरती दळली जाते, तेथे साध्या भांड्यातही चांगली कॉफी होते. स्वयंपाकघरातला मिक्सर यासाठी उपयोगाचा नाही. त्याची पाती बी तोडतात, दळत नाहीत, आणि भांड्यात काही पिठासारखी पूड व काही जाड कण्या असे एकत्र उरते. पुडीतून कडवटपणा अधिक उतरतो, कण्यांतून पुरते काही उतरतच नाही आणि पेल्यात कडू व आंबट अशा दोन्ही चवी एकदम लागतात. ज्याला ‘बर ग्राइंडर’ म्हणतात, त्याचे तत्त्व आपल्या जात्याचे आहे. दोन दातेरी चक्रांमधले अंतर ठरवायचे आणि त्या अंतरातून जेवढा दाणा खाली उतरेल तेवढाच जाडपणा मिळतो. हाताने फिरवण्याचा चांगला ग्राइंडर दोघांच्या घराला पुरतो, आवाज करत नाही आणि वीज गेली तरी चालतो. पाहुणे वारंवार येत असतील तर मात्र विजेवरचा पाहावा, कारण सहा जणांसाठी हाताने दळताना पाहुणचाराचा उत्साह मनगटात संपतो. आपल्या यादीतली ही सर्वांत महाग वस्तू झाली तरी हरकत नाही. ती एका माणसाने न देता चार-पाच चुलत भावंडांनी मिळून द्यावी.

आता आपला पेला. बिनदुधाच्या कॉफीसाठी कागदी गाळणीचे शंकू किंवा फ्रेंच प्रेस, म्हणजे पूड पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबण्याचे भांडे, यांपैकी एकच निवडा. कागदाने स्वच्छ, हलकी कॉफी उतरते, तर फ्रेंच प्रेसच्या धातूच्या जाळीतून तेल आणि बारीक गाळही येतो, त्यामुळे ती जाडसर लागते. कागदी गाळणी ही एका गृहिणीची देणगी आहे, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी १९०८ साली छिद्रे पाडलेल्या भांड्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून पहिला प्रयोग केला होता. आज दुकानांत दिसणारा जपानी ‘व्ही६०’ हा शंकू त्याच कुळातला असून त्याच्या नावातील साठ हा आकडा शंकूच्या कोनाचा आहे. शंकू घेतलात तर बगळ्याच्या मानेसारख्या चोचीची किटली यादीत घाला, कारण पाण्याची धार बारीक व आपल्या ताब्यात राहावी लागते. फ्रेंच प्रेसला तिची गरज नाही. दोन्ही प्रकारांना ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा मात्र हवाच. १५ ग्रॅम पुडीला साधारण २४० ग्रॅम पाणी, आणि पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सियस, हे माप धरून सुरुवात करा. चव कडू वाटली तर दळण थोडे जाड करा, आंबट वाटली तर बारीक करा. फ्रेंच प्रेसमध्ये पूड जाड ठेवून चार मिनिटे मुरू द्यावी. वजनकाटा स्वस्त असतो आणि शाळेतल्या मित्राने तो दिला तर रोज सकाळी त्याचीच आठवण होते.

पत्नीच्या आणि आईवडिलांच्या पेल्यांसाठी मी निःशंकपणे दक्षिणी फिल्टर सुचवीन. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर गरम पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाली जमलेले दाट डिकॉक्शन तापलेल्या दुधात घालावयाचे, इतकेच त्याचे काम आहे. स्टीलचा फिल्टर थोड्या पैशांत येतो. पितळी अधिक शोभिवंत दिसतो, पण त्याला आतून कल्हई आहे का, हे देणाऱ्याला पाहावयास सांगा. फिल्टरसाठी मिळणाऱ्या पुष्कळशा पुडींत चिकोरी असते. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे, तिच्यात कॅफीन नसते आणि तिने दुधाच्या कॉफीला रंग व दाटपणा येतो. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा आपल्याकडील नियम आहे, आणि पाकिटावर प्रमाण छापलेले असते, ते वाचून घ्यावे. तीच पूड आपल्या कागदी शंकूत मात्र घालू नका. चिकोरीने पाणी अडते, गाळणी तुंबते आणि कॉफी कडू होते. राहिले जायफळ. ते ग्राइंडरमध्ये कधीही घालू नये, त्याचे तेल चक्रांना चिकटते आणि पुढे महिनाभर आपल्या बिनदुधाच्या कॉफीला जायफळाचा वास येत राहतो. एक लहान किसणी यादीत लिहा. फोंड्याच्या परिसरात ज्या आत्याचे वा मामीचे कुळागर असेल, त्यांच्याकडे पोफळीच्या सावलीत जायफळ असतेच, आणि किसणीबरोबर घरची डझनभर जायफळे देण्यात त्यांना चांदीची वाटी देण्याइतकाच आनंद होईल.

मोका पॉट अनेकांना सुचतो. इटलीत १९३३ साली निघालेले हे अष्टकोनी भांडे देखणे आहे आणि त्याची दाट कॉफी दुधात चांगली लागते, त्यामुळे आपल्याकडे फिल्टर आधीच असेल तर त्याऐवजी ते घेता येईल. पण यादीत केवळ ‘मोका पॉट’ एवढेच लिहू नका. त्याच्यावर लिहिलेले ‘कप’ म्हणजे लहान एस्प्रेसोचे घोट असतात. ‘३ कपांच्या’ पॉटातून सुमारे १३० मिलिलिटर, म्हणजे आपल्या एका नेहमीच्या कपापेक्षा कमीच कॉफी निघते. उलट मोठा पॉट अर्धा भरून चालवता येत नाही, तो ठरलेल्या मापानेच भरावा लागतो. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शन शेगडीवर तापत नाही, त्यासाठी तसा तळ असलेला स्टीलचा घ्यावा. गॅसच्या मोठ्या बर्नरवर लहान पॉट कलंडतो, तेव्हा त्याखाली ठेवण्याची जाळीही त्याच ओळीत लिहावी.

एस्प्रेसो मशीन पहिल्या वर्षी मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खरा एस्प्रेसो सुमारे ९ बार दाबाने, १८ ग्रॅम पुडीतून अंदाजे ३६ ग्रॅम, पंचवीस ते तीस सेकंदांत उतरवावा लागतो आणि त्यासाठी ग्राइंडरही फार बारीक फरकाने दळणारा लागतो. जाहिरातीतले ‘१५ बार’, ‘२० बार’ हे आकडे पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो हे सांगतात, कॉफीची प्रत सांगत नाहीत. वर्षभर घरी दळून, मोजून कॉफी केल्यावरही मशीनची इच्छा टिकली, तर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला ते स्वतःच्या पैशांनी घ्या. तोपर्यंत आपल्याला कोणते घ्यावे हेही कळलेले असेल.

कॉफीची बी यादीत नको. दोघांनी रोज एकेक पेला घेतला तर दिवसाला ३० ग्रॅम लागते, म्हणजे पाव किलोचे पाकीट आठ दिवस पुरते. दहा पाहुण्यांनी अर्धा-अर्धा किलो आणली तर पाच किलो होतील आणि ती संपायला साडेपाच महिने लागतील, तर भाजलेल्या बीची खरी गोडी पहिल्या महिनाभरातच असते. ज्यांना बीच द्यावयाची आहे त्यांना महिने वाटून द्या. पौषात एका मित्राने, माघात दुसऱ्याने, फाल्गुनात तिसऱ्याने ताजी भाजलेली पाव किलो पाठवावी. त्यांना ठिकाणेही सुचवता येतील. कुर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका आणि अराकू खोऱ्यातील अरेबिका या पाच भारतीय कॉफींना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अनमोडचा घाट ओलांडला की आपण कॉफीच्या राज्यात पाऊल टाकतो. देशातील बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते, आणि तरीही आपल्या बाजारात परदेशी नावाच्या बाटलीतली झटपट कॉफी प्रतिष्ठेची समजली जाते, ही गंमतच आहे.

शेवटी यादी कशी द्यावी ते. ती निमंत्रणपत्रिकेवर छापू नये, विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नये आणि विचारणाऱ्यालाही आपण स्वतः देऊ नये. एखाद्या बहिणीकडे किंवा वहिनीकडे ती सोपवा. जे विचारतील त्यांना ‘तिच्याशी बोला’ एवढेच सांगावे. तिने एका वहीत किंवा मोबाइलवरच्या तक्त्यात वस्तूचे नाव, माप, रंग आणि कोणी घेतले ते लिहीत जावे, म्हणजे दोन फ्रेंच प्रेस येणार नाहीत आणि कोणी किती रुपये दिले हे लग्न होईपर्यंत आपल्याला कळणारही नाही. किसणी, कागदी गाळण्यांची पाकिटे, ग्राइंडर झाडण्याचा ब्रश, दोन चांगले कप अशा किरकोळ वस्तू अर्ध्याहून अधिक असू द्या, म्हणजे नुकतीच नोकरी लागलेल्या मित्राला संकोच वाटणार नाही. बिले मात्र वस्तूबरोबर मागून घ्या. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का नसला तर पुढे दुरुस्तीच्या वेळी आपलीच पंचाईत होते. नागरी निबंधकांकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झाली की नातेवाईकांत बोलणी सुरू होतात, तेव्हा यादी त्याच सुमारास तयार असलेली बरी.

प्रश्न : मुलाच्या पत्रिकेवर आम्ही ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापले आहे. आता मुलगा व सून मित्रमंडळींना कॉफीच्या वस्तूंची यादी देत आहेत. आम्ही एक सांगतो आणि मुले दुसरे करतात, असे लोक म्हणणार नाहीत का?
— एक आई, मडगाव

उत्तर : म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे असणार नाही. छापलेला शब्द पाळला पाहिजे. आपल्या पिढीचे नातेवाईक, शेजारी आणि मुलाच्या वडिलांचे कार्यालयातील सहकारी यांच्यासाठी पत्रिकेवरचे वाक्य तसेच राहू द्या व मंडपात पाकीट पुढे आले तरी ते नम्रपणे परत करा. सख्ख्या आत्या, मावश्या, मामा आणि मुलांचे जिवलग मित्र कितीही सांगितले तरी काही आणल्याशिवाय राहत नाहीत. यादी तेवढ्यांसाठीच ठेवावी आणि तीही तोंडी. मुलांनी ती समाजमाध्यमांवरील मोठ्या गटात टाकली असेल तर आज काढावयास सांगा.

प्रश्न : अमेरिकेतील माझे दीर आमच्या मुलीच्या लग्नासाठी तेथून मोठे एस्प्रेसो मशीन आणणार आहेत. ‘येथे फक्त प्लग बदलायचा’ असे ते म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : नाही. भाऊजींना विमानात बसण्यापूर्वीच कळवा. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असते, आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. तेथील मशीन येथे प्लग बदलून लावले तर पाणी तापवणारी कॉइल जवळपास चौपट वीज खेचील आणि बहुधा पहिल्याच दिवशी जळेल. विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, परंतु दीड हजार वॉटच्या मशीनला तो मोठा व जड लागतो, आणि लहान मशीनमधला कंपन पंप विजेच्या हर्ट्झवर चालत असल्याने तो येथे मंद चालतो, तो दोष ट्रान्सफॉर्मरने जात नाही. मशीन बिघडले तर येथील दुरुस्तीवाला त्याचे सुटे भाग आणणार कोठून, हा प्रश्न वेगळाच. दुबई, इंग्लंड किंवा पोर्तुगालहून कोणी येत असते तर गोष्ट निराळी होती. तेथील व्होल्ट आपल्यासारखेच असून खरोखरच प्लगचा प्रश्न उरतो. भाऊजींचा उत्साह मोडू नका. त्यांना हाताने फिरवण्याचा उत्तम ग्राइंडर आणावयास सांगा. त्याला वीज लागत नाही आणि तो सामानाच्या बॅगेत एका कोपऱ्यात मावतो.

प्रश्न : मागच्या वर्षी लग्नात आम्हांला ग्राइंडर, मोका पॉट आणि भरपूर कॉफी मिळाली. पावसाळ्यात पूड दगडासारखी झाली, कागदी गाळण्यांना वास येऊ लागला आणि ग्राइंडरच्या आत तांबूस डाग दिसले. आमचे घर रानाच्या कडेला आहे. काय चुकले?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : पावसाळा चुकला नाही, तो आपल्याकडे असाच असतो. ‘मॉन्सून्ड मलबार’ नावाची प्रसिद्ध कॉफी तर याच किनाऱ्यावरील दमट वाऱ्याने तयार होते. कच्ची बी पावसाळ्यात उघड्या गोदामांत पसरून ठेवतात, ती फुगते, फिकट होते आणि तिचा आंबटपणा जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने युरोपकडे जाताना कॉफीचे असेच होत असे व तेथल्या लोकांना तीच चव लागली होती. परंतु हे कच्च्या बीचे झाले. भाजलेली बी किंवा पूड तोच ओलावा ओढून घेते आणि वाया जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पूड घरात आणूच नका, बी आणा आणि तीही पाव किलोहून अधिक नको. अधिक असेल तर आठ-आठ दिवसांच्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढलेली पुडी खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार बीवर लगेच दव धरते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कॉफी कधीच ठेवू नये. सुक्या सुंगटांचा डबा ज्या कपाटात आहे तेथेही नको, कारण कॉफी वास पटकन ओढते.

ग्राइंडरची चक्रे आपण पाण्याने धुतली असावीत असा माझा तर्क आहे. ती कोरड्या ब्रशने झाडावीत, एवढेच पुरे. डाग हलके असतील तर तेही ब्रशने निघतील व नंतर थोडी जुनी बी दळून ती पूड टाकून द्यावी. कागदी गाळण्या बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि औषधाच्या बाटलीत येते तशी सिलिका जेलची पुडी त्यात ठेवा. मोका पॉट धुऊन झाल्यावर लगेच जोडून ठेवू नका. वरचे भांडे, गाळणी आणि रबराची चकती सुटी करून पालथी वाळवा व पावसाळ्यात ती तशीच सुटी राहू द्या. बंद पॉटाच्या तळाशी दोन दिवसांत बुरशी धरते आणि चकतीला लागलेला तो वास धुऊनही जात नाही. चकती मात्र वेगळी विकत मिळते. तेव्हा जुनी फेकून नवी आणा, पॉट टाकू नका.